मजकुराची पारख : संगणकाने दिलेले नाव बरोबर आहे हे कसे ठरवावे?

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिल्ह्याचे नाव बदलते तेव्हा पाट्या रंगविण्याचे काम थोड्या दिवसांत आटोपते. नोंदींचे काम मात्र पुढे कितीतरी काळ चालू राहते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याचा निर्णय घेतला आणि केंद्र शासनाची संमती मिळाल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो अधिसूचित झाला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याचे नाव प्रत्येक दाखल्यावर, उताऱ्यावर आणि अर्जावर शुद्ध व अचूक उमटावे, ही अपेक्षा स्वाभाविकच आहे.

पूर्वी हे नाव कारकुनाच्या लेखणीतून उतरत असे. चूक झाली तर ती त्या एका कागदापुरती राही. आज हे नाव एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे जाते आणि तेथून हजारो कागदांवर छापले जाते. म्हणून जी तपासणी पूर्वी अव्वल कारकून सही करण्यापूर्वी डोळ्यांनी करीत असे, ती आता आधीच आणि नेमकेपणाने करून ठेवावी लागते. ही तपासणी कशी लिहावी, हा आजचा विषय आहे.

प्रश्न, उत्तर आणि विधान

एका खात्याने दुसऱ्या खात्यास ठरावीक नमुन्यात पत्र पाठवावे आणि ठरावीक नमुन्यातच उत्तर मागवावे, ही आवक-जावकीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. संगणक प्रणालींमध्ये हेच काम ज्या दुव्याने होते, त्यास ए.पी.आय. म्हणतात. गावाचा संकेतांक पाठविला असता त्या गावाचे, तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव उत्तरादाखल येते. हे उत्तर जोड्यांच्या रूपात असते : एका बाजूस रकान्याचे नाव, दुसऱ्या बाजूस त्यातील मजकूर.

उत्तर आले म्हणजे ते बरोबर आले असे नाही. 'विनंती यशस्वी' असा अर्थ असलेला २०० हा क्रमांक पुष्कळदा उत्तरासोबत येतो. परंतु त्यावरून निरोप पोचला एवढेच सिद्ध होते. निरोपात काय लिहिले आहे, याची खात्री वेगळी करावी लागते. त्यासाठी चाचणीमध्ये एक ठाम विधान लिहितात. उदाहरणार्थ, 'जनगणना २०११ चा जिल्हा संकेतांक ५२२ दिला असता मराठी नाव तंतोतंत "अहिल्यानगर" असले पाहिजे.' संगणक आलेला मजकूर या विधानाशी ताडून पाहतो. जुळला तर चाचणी उत्तीर्ण, न जुळला तर अनुत्तीर्ण. वजनमापे निरीक्षक दुकानातील तराजू तपासताना स्वतःजवळचे प्रमाणित वजन पारड्यात टाकतो, तशीच ही गोष्ट आहे. प्रमाणित वजनच सदोष असेल, तर तराजू कितीही वेळा तपासून काय उपयोग?

'असणे' आणि 'तेच असणे'

विधान लिहिताना होणारी पहिली चूक सैलपणाची. 'जिल्ह्याचे नाव रिकामे नसावे' एवढेच विधान केले, तर अहिल्यानगरच्या जागी अमरावती आले तरी चाचणी उत्तीर्ण होते. त्याहून थोडे पुढे जाऊन 'उत्तरात "नगर" हा शब्द असावा' असे लिहिले, तरी भागत नाही. 'नगर' ही अक्षरे अहिल्यानगरमध्ये आहेत, जुन्या अहमदनगरमध्ये आहेत, छत्रपती संभाजीनगरमध्ये आहेत, इतकेच काय, मुंबई उपनगरमध्येही आहेत. असे विधान तीन जिल्ह्यांना आणि एका जुन्या नावाला एकाच मापाने मोजते. मोठ्या मजकुरात एखादे वाक्य आहे काय, हे पाहण्यापुरतेच 'अंतर्भूत असावे' या प्रकारचे विधान योग्य होय. जेथे रकान्यात एकच नाव यावयाचे, तेथे 'तंतोतंत तेच असावे' असेच विधान हवे.

परंतु नाव तंतोतंत जुळले तरी गाव तेच आहे, असेही म्हणता येत नाही. कर्जत तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तसा रायगड जिल्ह्यातही आहे. अकोले हा या जिल्ह्यातील तालुका, तर अकोला हा विदर्भातील जिल्हा. मात्रेच्या जागी काना आला की अर्ज सह्याद्रीच्या कुशीतून थेट वऱ्हाडात जातो. शेवगावमधील 'व' गळला की बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव होते. म्हणून ओळख संकेतांकाने पटवावी आणि नाव नावाच्या ठिकाणी तपासावे. एकाच चाचणीत दोन्ही विधाने असावीत : संकेतांक हा, आणि त्या संकेतांकाचे नाव हे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हे, तालुके, गावे व पंचायती यांना संकेतांक दिले आहेत, ते याच हेतूने.

संकेतांकाबाबतही एक खबरदारी आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेतील तालुक्यांचे संकेतांक पाच अंकी असून महाराष्ट्रातील तालुक्यांच्या संकेतांकांचा आरंभ शून्याने होतो. संगणकाने त्यास संख्या मानले, तर आरंभीचे शून्य गळून पडते आणि संकेतांक चार अंकी होतो. म्हणून संकेतांक अंकांनी लिहिलेला असला तरी तो मजकूरच समजावा, आणि त्याची लांबी पाच आहे हेही विधानात लिहावे.

डोळ्यांना सारखे, संगणकाला निराळे

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. 'शेतकऱ्यांना' हा शासकीय कागदांत पदोपदी येणारा शब्द घ्या. त्यातील अर्धा 'र' दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्यास हलन्त करतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण असते. कागदावर दोन्ही शब्द सारखे उमटतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत आणि एक दुसऱ्याशी जुळत नाही. 'ॲप' या शब्दातील 'ॲ'ची हीच कथा. २००८ पासून युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान आहे. परंतु 'अ'वर चंद्र देऊनही तो लिहिला जातो, आणि हे दोन्ही संगणकास एक वाटत नाहीत.

युनिकोडमध्ये मजकूर एकरूप करून घेण्याची प्रमाणित पद्धती आहे. तिला सामान्यीकरण म्हणतात. 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' आणि स्वतंत्र 'ऱ' यांना ती एक करते. परंतु अदृश्य जोडखुणेचा भेद किंवा 'ॲ'च्या दोन रूपांतील भेद तिच्याने मिटत नाही. तो मिटविण्याचा नियम प्रणालीत वेगळा लिहावा लागतो, आणि तो नियम पाळला जातो काय यासाठी वेगळी चाचणी लिहावी लागते.

याशिवाय लेखनभेद आहेतच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. म्हणून जुन्या दप्तरात 'शेवगांव', तर नव्या दप्तरात 'शेवगाव'. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. परंतु ते कोठे एका शब्दात, कोठे दोन शब्दांत लिहिलेले आढळते, आणि 'सिद्धी'ऐवजी 'सिध्दी' तर नित्य दृष्टीस पडते. इंग्रजीतही एकवाक्यता नाही. २०११ च्या जनगणनेत अहमदनगरच्या वर्तनीत 'एम'नंतर 'ए' हे अक्षर आहे, अन्यत्र बहुधा 'ई' आढळते. बीड जिल्ह्याची वर्तनी जनगणनेत तीन अक्षरांची, तर एरवी चार अक्षरांची.

अशा वेळी चाचणी लिहिणारा कंटाळून 'जवळपास जुळले तरी चालेल' अशी सवलत देऊन टाकतो. येथेच घात होतो. जी सवलत 'शेवगांव' व 'शेवगाव' यांना एक मानते, तीच उद्या 'शेवगाव' व 'शेगाव' यांनाही एक मानेल. यावर उपाय सोपा आहे. नागरिक जे लिहून देईल ते उदारपणे स्वीकारावे. शासन जे लिहून देईल ते काटेकोर असावे. म्हणजे चाचण्याही दोन प्रकारच्या झाल्या. पहिल्या प्रकारात ज्ञात लेखनभेदांची यादी करावी आणि त्यांपैकी कोणतेही रूप दिले तरी प्रणाली त्याच एका संकेतांकापर्यंत पोचते, असे विधान करावे. दुसऱ्या प्रकारात त्या संकेतांकाचे उत्तर प्रत्येक वेळी एकाच मान्य रूपात, कमीअधिक अक्षर वा मोकळी जागा न येता मिळते, असे विधान करावे. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागाही दोन नावांना वेगळे करते, हे विसरू नये.

नावाची लांबी आणि कापलेली नावे

'अहमदनगर' हे नाव उच्चारताना सात अक्षरे येतात. 'अहिल्यानगर' म्हणताना सहाच. कानाला नवे नाव आखूड वाटते. संगणक मात्र काना, वेलांटी व हलन्त यांची स्वतंत्र गणना करतो. त्याच्या हिशेबी जुने नाव सात वर्णसंकेतांचे आणि नवे नाव दहा वर्णसंकेतांचे आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यू.टी.एफ.-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्णसंकेत तीन बाइट जागा घेतो. म्हणजे जुन्या नावास २१ बाइट पुरत, नव्यास ३० लागतात. एखाद्या जुन्या प्रणालीत जिल्ह्याच्या नावासाठी २५ बाइटच राखून ठेवलेले असतील, तर 'अहिल्यान' एवढेच उमटेल आणि पुढे एक तुटके, निरर्थक चिन्ह येईल. हा दोष जुन्या नावाच्या काळात कधीच दिसला नसता. म्हणून चाचणीत लहान व सोपी नावे घेऊन भागत नाही. सर्वांत लांब नाव, जोडाक्षर असलेले नाव, दोन शब्दांचे नाव आणि अर्धा 'र' असलेले नाव यांचा त्यात आवर्जून समावेश करावा.

रिकाम्या रकान्याचेही असेच आहे. शासकीय तक्त्यात माहिती नसेल तेथे 'निरंक' लिहिण्याची शिस्त आहे. संगणकाच्या उत्तरात मात्र रकानाच नसणे, रकाना असून त्यात मूल्य नसणे, रिकामा मजकूर असणे, आडवी रेघ असणे आणि 'निरंक' हा शब्द असणे, या पाच वेगवेगळ्या अवस्था होत. यांतील कोणती अपेक्षित आहे, ते विधानात स्पष्ट लिहावे. तसे न केल्यास उद्या एखाद्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी 'निरंक' छापले जाईल आणि चाचणी मात्र उत्तीर्णच राहील.

कोणत्या तारखेचे नाव?

नाव बदलल्यावर सर्वत्र जुने काढून नवे घालावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मे २०२४ मध्ये या जिल्ह्यात लोकसभेची निवडणूक झाली, ती अहमदनगर या नावाच्या मतदारसंघात. त्या निकालाच्या नोंदीत आज 'अहिल्यानगर' घालणे म्हणजे नोंद बदलणे होय. १९८५ साली दिलेल्या दाखल्याची प्रत मागितली तर ती त्या वेळच्या नावासहच मिळाली पाहिजे. संस्थांची नावेही जिल्ह्याच्या वा शहराच्या नावाबरोबर आपोआप बदलत नाहीत. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, तरी उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव बॉम्बे हायकोर्ट असेच राहिले. आंधळेपणाने एका शब्दाच्या जागी दुसरा घालणारी आज्ञावली अशा ठिकाणी खोटे कागद तयार करते.

म्हणून येथे विधाने जोडीने लिहावी लागतात. नव्याने दिल्या जाणाऱ्या दाखल्यातील जिल्ह्याच्या रकान्यात 'अहमदनगर' येता कामा नये; आणि जुन्या दाखल्याच्या प्रतीत 'अहमदनगर'च्या जागी दुसरे काही येता कामा नये. काय असावे याबरोबरच काय नसावे, हेही चाचणीने सांगितले पाहिजे.

संकेतांकही सदासर्वकाळ स्थिर राहतो असे गृहीत धरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये अहमदनगर रेल्वे स्थानकाचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु ए.एन.जी. हा स्थानकाचा संकेत पूर्वीचाच राहिला. त्यानंतरच्याच महिन्यात औरंगाबाद स्थानकाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा मात्र संकेतही बदलून सी.पी.एस.एन. असा झाला. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत दोन रीती! तेव्हा कोणती गोष्ट बदलली व कोणती राहिली, हे अधिसूचना किंवा आदेश पाहूनच ठरवावे, अंदाजाने नव्हे.

चाचणीचीही चाचणी

जी चाचणी कधीच अनुत्तीर्ण होत नाही, तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. ती लिहून झाल्यावर प्रणालीस मुद्दाम चुकीचे नाव देऊन पाहावे. चाचणीने ते पकडले, तरच ती कामाची. अनुत्तीर्ण झाल्यावर तिने केवळ 'जुळले नाही' असे म्हणून थांबू नये. अपेक्षित काय होते, आले काय आणि कितव्या वर्णापासून फरक पडला, हे तिने सांगावे. भेद अदृश्य जोडखुणेचा असेल, तर दोन्ही मजकूर छापून दाखविले तरी वाचणाऱ्यास ते सारखेच दिसतील. अशा वेळी वर्णसंकेतांचे क्रमांकच छापावे लागतात.

आणखी एक विवेक हवा. 'अर्ज सापडला नाही' यासारखे नागरिकांसाठीचे संदेश भाषा सुधारण्यासाठी वेळोवेळी बदलतात, आणि ते बदललेही पाहिजेत. अशा संदेशाचे प्रत्येक अक्षर शंभर चाचण्यांत गोवून ठेवले, तर एक शब्द सुधारताच शंभर चाचण्या मोडतात आणि मग भाषा सुधारण्यासच कोणी धजत नाही. तेथे संदेशाचा क्रमांक सर्वत्र तपासावा आणि संदेशाचा मजकूर एकाच ठिकाणी, मान्य यादीशी ताडून पाहावा. गावाच्या व माणसाच्या नावाबाबत मात्र ही ढिलाई कामाची नाही.

हे काम कोणाचे?

हे सर्व ऐकल्यावर, हा संगणक तज्ज्ञांचा प्रांत आहे, त्यात पंचायत सदस्याने वा शिक्षकाने काय करावे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु आरंभीचा तराजू आठवावा. तज्ज्ञ तराजू बनवील, तुलना करणारी आज्ञावलीही लिहील. प्रमाणित वजन मात्र त्याच्याजवळ नसते. दूरच्या शहरात बसून चाचणी लिहिणाऱ्या तरुणास राळेगण सिद्धी दोन शब्दांत लिहावे की एका, वाडीचे नाव 'ळ'ने लिहावे की 'ल'ने, हे कळणार कसे? तो त्याच्या हाती पडलेल्या यादीवर विसंबतो. ती यादी चुकीची असेल, तर चाचणी त्या चुकीचेच निष्ठेने रक्षण करते, आणि पुढे कोणी नाव दुरुस्त केले तर त्या दुरुस्तीलाच दोष म्हणून दाखविते.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावाचे, वाड्यांचे व वस्त्यांचे मान्य लेखन एकदा नीट पाहून घ्यावे, ते संकेतांकासह लिहून ठेवावे आणि निर्देशिकेतील नोंदीशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास तो विहित मार्गाने वरिष्ठ कार्यालयाच्या नजरेस आणावा. शिक्षकांनी शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीतील व संगणकावरील नावे वर्षातून एकदा समोरासमोर ठेवून वाचावीत. गावात रूढ असलेले लेखनभेद त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असतात. नवी प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्यांनी 'चाचण्या उत्तीर्ण झाल्या' एवढ्या शेऱ्यावर समाधान न मानता अपेक्षित मजकुराचा तक्ता मागवावा, तो कोणत्या अधिसूचनेवरून वा नोंदीवरून केला आहे हे विचारावे, आणि वाचून मगच त्यावर सही करावी.

शिष्यवृत्तीच्या अर्जावर एका विद्यार्थिनीने 'शेवगाव' लिहिले, दाखल्यावर 'शेवगांव' होते आणि संगणकाने तो अर्ज परत पाठविला, असे घडले तर दोष तिचा नसतो. परंतु मुदत तिची टळते, वर्ष तिचे जाते. एका अनुस्वाराची ही किंमत तिने का द्यावी? ती तिच्यावर पडू नये म्हणून कोणीतरी आधीच बसून, 'येथे हेच नाव आले पाहिजे,' असे एक साधे विधान लिहिलेले असावे लागते. ते विधान खरे ठरविण्याइतकी माहिती गावातच आहे. ती व्यवस्थित लिहून पुढे पाठविली, म्हणजे संगणकाच्या उत्तरातही गाव आपल्या खऱ्या नावाने उभे राहील.